देणगी आणि राखण
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांसाठी पाठाची तयारी)

इ. स. १८८४ च्या सुमारास लंडनच्या डेप्टफर्ड भागातील एका जमीनमालकाच्या मनात आले की, आपल्या पूर्वजाची जुनी बाग लोकांना कायमची देऊन टाकावी. बाग साधीसुधी नव्हती. सतराव्या शतकात जॉन एव्हलिन या वृक्षप्रेमी ग्रंथकाराने ती लावलेली होती. पुढे तिच्याभोवती गोद्या, कारखाने आणि मजुरांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. देणारा राजी होता, घेणारे गरजू होते. तरीही व्यवहार अडला. दिलेली जागा स्वीकारून ती पिढ्यानपिढ्या सांभाळील अशी योग्य संस्थाच त्या वेळी इंग्लंडात नव्हती. एखाद्या सद्गृहस्थाच्या नावे जमीन करून द्यावी, तर तो आज ना उद्या मरणार आणि त्याचे वारस ती विकणार. मालकाला असा सल्ला देणारे वकील काही चुकत नव्हते.

देण्याची इच्छा ही एक गोष्ट आणि दिलेले टिकविण्याची सोय ही दुसरी. वारशाचे रक्षण करणाऱ्या संस्थांविषयी वर्गात बोलताना हा भेद मुलांच्या ध्यानी आणून दिला, तर पुढचा सारा विषय सोपा होतो. तो आणून देण्यास इंग्लंडातील ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेची हकीकत फार उपयोगी पडते. रानमाळ, वन्य जीव व जुन्या वास्तू ही तिन्ही या एकाच संस्थेच्या छायेखाली आलेली आहेत.

संस्था तिघांच्या विचारांतून जन्मली. ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी आपले आयुष्य लंडनमधील गरिबांच्या घरांची व्यवस्था पाहण्यात घालविले होते. एका खोलीत सारे कुटुंब कोंबलेले असते तेव्हा मोकळ्या हिरवळीला किती मोल येते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७५ साली स्विस कॉटेज येथील शेते वाचविण्यासाठी त्यांनी लोकांकडून वर्गणी जमविण्याचा मोठा खटाटोप केला. परंतु शेवटी तेथे घरे उठलीच. दुसरे रॉबर्ट हंटर. हे कायदेपंडित. इंग्लंडात ‘कॉमन’ म्हणून जी सामाईक जमीन असते, तिचे पुष्कळसे साम्य आपल्या गायरानाशी आहे. ही गायराने बड्या जमीनदारांनी कुंपणे घालून गिळू नयेत म्हणून १८६५ साली एक मंडळ निघाले होते आणि हंटर त्याचे वकील होते. खटले जिंकूनही जमीन कायमची सुरक्षित होत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. तिसरे हार्डविक रॉन्स्ली हे वायव्य इंग्लंडातील सरोवरांच्या मुलखातले पाद्री. दगडाच्या खाणींसाठी त्या डोंगरांतून आगगाडी नेण्याचा बेत त्यांनी १८८३ मध्ये लोकमत जागृत करून हाणून पाडला होता.

डेप्टफर्डच्या बागेच्या निमित्ताने हंटर यांनी जागा विकत व देणगीदाखल घेणारी एक संस्था स्थापण्याची कल्पना मांडली. तिला कंपनी म्हणू नये, ‘ट्रस्ट’ म्हणजे विश्वस्त म्हणावे, असे ऑक्टेव्हिया हिल यांनी पत्राने कळविले. त्या पत्रावर हंटर यांनी पेन्सिलीने ‘नॅशनल ट्रस्ट’ हे दोन शब्द लिहिले आणि शेजारी प्रश्नचिन्ह घातले. ते प्रश्नचिन्ह पुसले जाण्यास दहा वर्षे लागली. १२ जानेवारी १८९५ रोजी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. एव्हलिनची बाग मात्र तिच्या हाती आली नाही. त्या बागेचा एक लहानसा तुकडा आज सार्वजनिक उद्यान म्हणून शिल्लक आहे.

पहिली देणगी त्याच वर्षी मिळाली. वेल्समधील बार्मथ गावाच्या डोक्यावरची डिनास ओलाय ही समुद्राकडे पाहणारी साडेचार एकरांची टेकडी फॅनी टॉलबट या बाईंनी संस्थेस दिली. टेकडीला फारसा खर्च नव्हता. खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. ससेक्स परगण्यातील आल्फ्रिस्टन गावी चौदाव्या शतकातील एक धर्मोपदेशकाचे घर होते. लाकडी सांगाड्याचे, गवताने शाकारलेले आणि पडण्याच्या बेतात आलेले. संस्थेने ते अवघ्या १० पौंडांस विकत घेतले. परंतु दुरुस्तीस त्याच्या कितीतरी पट पैसा लागणार होता व तो उभा करताना संस्थेची दमछाक झाली. या घराच्या दालनातील जमीन मुलांना अवश्य सांगावी. खडूचे दगड कुटून ती चोपलेली आहे आणि वरून आंबलेल्या दुधाचा हात फिरवून ती घट्ट केलेली आहे. ज्या मुलांच्या घरी अजून शेणाने सारवण होते, त्यांना ही युक्ती चटकन कळेल. ती जमीन करणाऱ्या कारागिराची विद्या संपली, तर घर उभे राहूनही त्यातले काहीतरी गेलेलेच असते.

घराला डागडुजी लागते हे कोणालाही पटते. पण निसर्गालाही राखण लागते, ही गोष्ट शिकलेल्या माणसांच्याही लक्षात येत नाही. ‘कुंपण घाला आणि सोडून द्या’ असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. विकन फेनचा इतिहास त्याला उत्तर आहे. केंब्रिजजवळची ही पाणथळ जागा. तिचा पहिला दोन एकरांचा तुकडा संस्थेने १८९९ साली १० पौंडांस घेतला. पुढे अनेकांनी शेजारचे तुकडे दिले. येथे आजवर ९,००० हून अधिक जातींचे जीव व वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. ही समृद्धी माणसाने हात न लावल्यामुळे आली असे समजणे चूक ठरेल. गावकरी शेकडो वर्षे घरे शाकारण्यासाठी येथील लव्हाळे ठरावीक वर्षांच्या अंतराने कापून नेत असत. ती कापणी थांबताच झुडपे माजू लागली व त्यांनी पाणथळीतल्या नाजूक वनस्पतींना झाकून टाकले. दुसरे संकट बाहेरून आले. सभोवतालच्या शेतांतील पाणी चर खणून काढून टाकल्यामुळे तेथील काळी भुसभुशीत माती आकसली, शेते खचून खाली गेली आणि मधोमध उंच राहिलेल्या विकनमधले पाणी झिरपून जाऊ लागले. ‘स्वॉलोटेल’ नावाचे मोठे पिवळे फुलपाखरू येथे असे. त्याची अळी एकाच रानटी वनस्पतीच्या पानांवर वाढते. जागा कोरडी होत गेली, ती वनस्पती विरळ झाली आणि १९५० नंतरच्या दशकात ते फुलपाखरू विकनमधून नाहीसे झाले. ते परत आणून सोडण्याचे प्रयत्न झाले, पण ते टिकले नाही.

जमीन संस्थेच्या मालकीची, कागदपत्रे चोख, देणगीदार उदार. तरी फुलपाखरू गेले. या घटनेवर शिक्षकांनी घाई करू नये. ‘चूक कोणाची?’ असे मुलांना विचारावे व त्यांना वाद घालू द्यावा. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्यांनी आपल्या रानातले पाणी काढले यात त्यांचा अपराध काय, असे एखादा मुलगा म्हणेल. त्याचे म्हणणे खोडून काढण्याजोगे नाही. संस्थेने स्वतः या प्रश्नातून जो मार्ग काढला तो असा : १९९९ साली तिने शंभर वर्षांची एक योजना आखली. आजूबाजूची जमीन हळूहळू मिळवून सुमारे ५३ चौरस किलोमीटरचा प्रदेश पुन्हा ओला करावयाचा, असा तिचा संकल्प आहे. योजना आखणाऱ्यांपैकी कोणीही ती पुरी झालेली पाहणार नाही.

आता पैशाविषयी. अशा संस्था धनिकांच्या बळावरच चालतात, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सरोवरांच्या मुलखात डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठी ब्रँडलहाउ नावाची सुमारे शंभर एकरांची वनराई विकाऊ झाली. तीवर बंगले उठले असते. रॉन्स्ली व ऑक्टेव्हिया हिल यांनी लोकांस आवाहन केले आणि काही महिन्यांतच ६,५०० पौंड जमले. देणाऱ्यांत सरदार-उमराव होते, तसे दूरच्या औद्योगिक शहरांतले कामगारही होते. त्यांपैकी काहींनी ते तळे आयुष्यात एकदाच पाहिले होते. १९०२ च्या ऑक्टोबरात ही वनराई सर्वांस खुली झाली. १९०७ साली पार्लमेंटने खास कायदा करून संस्थेस असा अधिकार दिला की, तिने जी जमीन अदेय म्हणून जाहीर केली ती कोणालाही विकता अगर गहाण टाकता येणार नाही; संस्थेच्या चालकांनाही नाही. कामगाराच्या दोन शिलिंगांना जे संरक्षण हवे होते ते या कायद्याने मिळाले.

पैसा न देताही देता येते, याचे उदाहरण पक्षिरक्षणाच्या चळवळीत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे लावण्याची टूम निघाली होती व त्यापायी बगळ्यांची ऐन विणीच्या हंगामात कत्तल होत असे. १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी काही मैत्रिणींस एकत्र केले. शहामृग वगळता, खाण्यासाठी न मारलेल्या कोणत्याही पक्ष्याचे पीस वापरावयाचे नाही, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. लंडनजवळच्या क्रॉयडन येथील अशाच एका मंडळाची वर्गणी दोन पेनी होती. या दोन मंडळांतून पुढे ब्रिटनची मोठी पक्षिरक्षक संस्था उभी राहिली. हिंदुस्थानातून पिसांची निर्यात १९०२ मध्ये बंद झाली. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा होण्यास मात्र १९२१ साल उजाडावे लागले; म्हणजे या बाया बत्तीस वर्षे आपल्या शब्दाला जागल्या.

नॅशनल ट्रस्टकडे पुढे मोठमोठे वाडेही येऊ लागले. वारसाकर भरता येत नाही, छप्पर गळते, नोकर परवडत नाहीत, अशा स्थितीत अनेक घराण्यांनी आपले वाडे देऊ केले. येथे संस्थेचा शहाणपणा दिसतो. वाडा कितीही सुंदर असला, तरी त्याच्या निगराणीपुरता निधी कोठून येणार, याचा हिशोब ती आधी मागते आणि तो जुळला नाही तर देणगी नाकारते. फुकट मिळणारी वस्तू नाकारणे अवघड असते, विशेषतः सार्वजनिक संस्थेस. याउलट उत्तम देणगी कशी असावी, हे बालवाङ्मयाच्या प्रसिद्ध लेखिका बिएट्रिक्स पॉटर यांनी दाखविले. सशाच्या पिल्लाच्या गोष्टींतून मिळालेल्या पैशाने त्यांनी सरोवरांच्या मुलखात एकामागून एक शेते विकत घेतली, स्वतः मेंढ्या पाळल्या, आणि १९४३ मध्ये त्या वारल्या तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन संस्थेस मिळाली. त्या शेतांवर त्या भागातील हर्डविक जातीच्या मेंढ्याच पाळल्या जाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. केवळ डोंगर न देता त्यांनी डोंगरावरचा धंदाही जपला.

आज या संस्थेचे ५० लाखांहून अधिक सभासद आहेत आणि सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन तिच्याकडे आहे. यावरून तिचे सारेच निर्वेध चालते असे मात्र नाही. वेल्समधील पॉविस किल्ला १९५२ पासून तिच्या ताब्यात आहे. तेथे क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तूंचा संग्रह आहे. टिपू सुलतानाचा तंबूही त्यात आहे. आपल्या वास्तूंपैकी किती वास्तूंमागे वसाहतींतला व गुलामांच्या व्यापारातला पैसा आहे, याचा अहवाल संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्याच काही सभासदांना राग आला. जुनी वास्तू राखावयाची तर तिची खरी हकीकतही राखावी लागते. हा प्रश्न सातवीच्या मुलांपुढे ठेवण्यास हरकत नाही. पाचवीत तो वगळावा.

इतके ऐकल्यावर मुले विचारतीलच की, आपल्याकडे असे कोणी केले आहे काय? त्यांस वेळासची गोष्ट सांगावी. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ हे गाव आहे. नाना फडणीस यांचे मूळ गाव ते हेच. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या लोकांना येथे समुद्रकासवाची अंडी चोरीस जात असल्याचे आढळले. कासवीण रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, तो बुजविते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले बाहेर येण्यास पन्नास दिवसांच्या मागेपुढे लागतात. तोवर कुत्री, कोल्हे व माणसे यांच्या तावडीतून अंडी सुटणे कठीणच. संस्थेने गावातील तरुणांस हाताशी धरले. पहाटे किनाऱ्यावर फिरून घरटे शोधावयाचे, अंडी कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवावयाची व पिल्ले निघाली की सोडावयाची, असा क्रम सुरू झाला. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला; पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले व राखणीला गावाच्या मिळकतीचा आधार मिळाला. वनखाते व गाव यांनी पुढे या कामाचा भार उचलला. हे काम करणाऱ्यांस कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात. दूरच्या देणगीदाराच्या पैशाने कुंपणाची जाळी येते. पहाटे चालत जाण्यास गावातलाच माणूस लागतो.

वर्गातील काम

या पाठास तीन तासिका द्याव्यात. पहिलीत गोष्ट सांगावी व जोडीला एक हिशोब घालावा : त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग होत, तेव्हा ६,५०० पौंड केवळ दोन-दोन शिलिंगांच्या वर्गणीने जमवावयाचे झाल्यास किती माणसे लागतील? उत्तर ६५,००० येते. आपल्या तालुक्यातील किती गावांची लोकसंख्या मिळून हा आकडा होईल, ते मुलांनी काढावे.

दुसरी तासिका गावात घ्यावी. जुनी बारव, पार, वीरगळ, देवराई, तळे, एखादा म्हातारा वड, यांपैकी जे असेल ते पाहावे व चार गोष्टी लिहून घ्याव्यात : ते कोणाच्या मालकीचे, त्याची राखण कोण करतो, ते कशाने बिघडत आहे, आणि राखणारा गेल्यावर कोण करील. चौथ्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. ते घर कोरेच ठेवावे. शिक्षकांनी आपल्या कल्पनेने भरू नये. देवराईत जाताना गावातील जाणती व्यक्ती बरोबर घ्यावी. तेथील वाळकी काटकीही उचलू नये, कारण कुजणाऱ्या लाकडावर जगणारे जीव तिचेच धनी होत.

उत्साहाच्या भरात होणारे अपायही येथेच सांगितले पाहिजेत. वीरगळास तैलरंग फासणे, बारवेच्या पायऱ्यांच्या फटींत सिमेंट भरणे, जुना दगड तारेच्या ब्रशने घासणे ही सेवा नव्हे. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून तेथे काहीच करता येत नाही. केरकचरा उचलणे, गवत काढणे व काय बिघडले ते लिहून ठेवणे एवढे काम शाळेस पुरे आहे.

तिसऱ्या तासिकेत देणगीचा विचार व्हावा. मुलांकडून सक्तीने पैसे गोळा करू नयेत. कोणी किती आणले हे वर्गात वाचून तर कधीच दाखवू नये. ज्याच्या घरी देण्यास नाही त्या मुलाला वारशाचे प्रेम शिकविण्याऐवजी आपण लाज शिकवितो. पालकसभेने स्वखुशीने वर्गणी काढलीच, तर प्रत्येकास पावती द्यावी व जमाखर्च फलकावर लावावा. एखाद्या संस्थेस पैसे पाठवावयाचे असल्यास ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, दरवर्षी तपासलेले हिशोब देते काय, आणि मागील देणगीतून तिने प्रत्यक्ष काय राखले, ही विचारणा पत्राने करावी. पत्राचा मसुदा मुलांनीच तयार करावा. मराठीच्या पत्रलेखनाचा अभ्यास त्यात आपोआप होतो.

दुसऱ्या तासिकेतील टिपणे एका पक्क्या बांधणीच्या वहीत उतरवून घ्यावीत. दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मुलांनी त्याच जागी जाऊन बारवेच्या किती पायऱ्या पाण्यावर दिसतात, वडाला नवी पारंबी कोठे आली, कोणता दगड निखळला, हे तारखेनिशी लिहावे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी ही वही वरच्या वर्गाने खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावी आणि घेणाऱ्या मुलांनी तीवर सह्या कराव्यात.